खानेसुमारी आणि बेचिराग

इराणच्या यझ्द प्रांतात खरानक नावाचे फारसी बोलणारे गाव आहे. मातीच्या विटांची जुनी वस्ती, जवळच सराई आणि मशीद. जुन्या घरांतून आता जवळजवळ कोणी राहत नाही. माणसे शेजारच्या नव्या वस्तीत गेली. 2006च्या जनगणनेत तिथे चारशेहून थोडी अधिक माणसे मोजली गेली. गावाचा सरकारी पत्ता असा : ओस्तान यझ्द, शहरिस्तान अर्दकान, बख्श खरानक, देहिस्तान रबातात.

हा पत्ता आपल्याला वाटतो तितका परका नाही. 'देह' म्हणजे गाव. मोडी पत्रांच्या मायन्यातले 'देहाय' आणि गावांच्या यादीचा 'देहझाडा' यांतला देह तोच. 'बख्श' म्हणजे वाटा. आपले बक्षीस त्याचे भावंड आणि 'भाग' दूरचा चुलता. 'रबातात' हे रबात, म्हणजे सराई, याचे अनेकवचन.

गाव कशाला म्हणायचे, हे इराणमध्ये 1983च्या कायद्याने ठरवले. इतर अटींबरोबर तिथे निदान वीस कुटुंबे किंवा शंभर माणसे हवीत. शहरपण मात्र केवळ संख्येवर ठरत नाही. गीलानमधले मासुले 2006 साली साडेपाचशेच्या आसपास वस्तीचे होते, तरी दप्तरी ते शहर; खरानक त्याहून फार लहान नाही, पण गावच.

देशाची पहिली सर्वसाधारण जनगणना 1956 साली झाली. तेव्हा 1 कोटी 89 लाख लोकांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक खेड्यांत होते. 2016 साली 7 कोटी 99 लाखांपैकी जेमतेम 26 टक्के. खेड्यांतली एकूण माणसे या काळात घटली नाहीत, उलट वाढली. पण हजारो लहान वस्त्या मात्र रिकाम्या झाल्या. अगदी मोजकी घरे उरली की जनगणना गावाचे नाव छापते, आकडा छापत नाही. दोनतीन घरांचा आकडा छापणे म्हणजे त्या घरांची माहितीच जाहीर करणे. हे मला पटते. तरी नावापुढची ती रिकामी जागा वाचताना बोचते.

जनगणनेला आजची फारसी 'सरशुमारी' म्हणते. आपली शिरगणती शब्दशः तीच. जुन्या मराठीतली 'खानेसुमारी' मात्र घरांची मोजणी. गंमत अशी की फारसीत 'शुमार' म्हणजे नेमकी गणती, आणि मराठीत आपण 'सुमारे' म्हणतो ते नेमके माहीत नसते तेव्हा!

ओस पडलेल्या गावाला इराणी दप्तर 'खाली अझ सकने', म्हणजे रहिवाशांवाचून रिकामे, म्हणते. हैदराबादेत निजामकाळचे महसुली कागद वाचताना मला अशा गावापुढे वेगळा शब्द भेटतो : बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही ते गाव. मराठीत पुढे लोकांना त्यात 'राख' दिसली आणि बेचिराख म्हणजे जळून खाक असा अर्थ रूढ झाला. आजच्या बोलण्यात तो बरोबरच आहे, पण जुना कागद लावताना घात करतो. बेचिराग मौज्याची शिव कायम असते, सर्व्हे नंबर कायम असतात, शेजारच्या गावचे लोक तिथली जमीन कसतात आणि सारा भरतात. तिथे आग लागल्याचा कसलाही पुरावा त्या शब्दात नाही.