पाऊस नाही, की उत्तर नाही?

भाटघर धरणाला ८१ दरवाजे आहेत आणि त्यांतले ४५ स्वयंचलित आहेत. धरण भरून पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढले की ते पाण्याच्याच जोरावर उघडतात आणि पाणी उतरले की मिटतात. १९२८ साली लॉइड धरण म्हणून खुल्या झालेल्या या भिंतीमागे आजही सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी साठते. जलाशयाला आता वीर येसाजी कंक यांचे नाव आहे. असे दरवाजे पुणे जिल्ह्याला नवे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी आपल्या रचनेचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्येच खडकवासल्याला बसवले होते.

पण दरवाज्याला फक्त भिंतीपाशी आलेले पाणी कळते. वर भुतोंडे खोऱ्यात तासाभरात किती कोसळले, ते त्याला ठाऊक नसते. खालच्यांना नेमके तेच आधी कळायला हवे. भाटघर ज्या वेळवंडी नदीवर आहे तिचे पाणी नीरेला मिळते, वेल्ह्याच्या बाजूने गुंजवणीही नीरेलाच येते, पुढे वीर धरण, मग नीरा नरसिंहपूरला भीमेचा संगम, आणि त्याच्याही खाली पंढरपूर. वीरमधून किती विसर्ग करायचा आणि नदीकाठाला कधी सावध करायचे, हे ठरवताना वरच्या पावसाचा प्रत्येक तास मोलाचा असतो.

म्हणून जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी तत्क्षणी माहिती गोळा करणारी यंत्रणा उभी केली. पर्जन्यमापक, पाणीपातळीमापक, त्यांचे आकडे उपग्रह किंवा मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवणारी केंद्रे, आणि त्या आकड्यांवर चालणारी पूर-अंदाजाची गणिती प्रारूपे. भाटघर याच भीमा खोऱ्यात येते.

या यंत्रणेविषयी बोलताना उपग्रह आणि प्रारूपे यांचीच चर्चा होते. मला लिहायचे आहे ते त्याआधीच्या वीतभर अंतराविषयी. अशा कोणत्याही केंद्राच्या पेटीत एक मायक्रोकंट्रोलर असतो आणि त्याच्या आजूबाजूला वेळ सांगणाऱ्या, मोजणी करणाऱ्या, माहिती साठवणाऱ्या छोट्या चिप असतात. त्यांचे आपसातले बोलणे बहुधा दोन तारांवर चालते. त्या तारांवर काय, कधी आणि कोणत्या क्रमाने पाठवायचे, हे सांगणारा सर्वांत खालच्या थरातला प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. पुराचा आकडा खरा की खोटा, याचा पहिला निवाडा तिथे होतो.

दोन तारांची ही पद्धत, आय-टू-सी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्स कंपनीने काढली, मुख्यतः टीव्हीसारख्या उपकरणांतील चिप एकमेकांना जोडण्यासाठी. एक तार घड्याळाची, दुसरी माहितीची. दोन्ही तारा रोधकाने वर, म्हणजे ‘एक’वर, ओढून ठेवलेल्या असतात, कोणतीही चिप तार फक्त खाली ओढू शकते. मायक्रोकंट्रोलर सात बिटांचा पत्ता पुकारतो, आठव्या बिटाने वाचायचे की लिहायचे ते सांगतो, आणि नवव्या ठोक्याला त्या पत्त्याच्या चिपने तार खाली ओढून उत्तर द्यायचे. शाळेच्या हजेरीत नाव पुकारल्यावर ‘हजर’ म्हणावे, तसे.

हजेरीत कुणी उत्तर दिलेच नाही तर? तार वरच राहते. ड्रायव्हरने नववा बिट तपासला नाही आणि पुढचे आठ बिट वाचून घेतले, तर आठही ‘एक’ मिळतात, म्हणजे २५५. दोन बाइटचा आकडा असेल तर ६५,५३५. हा आकडा निदान विचित्र दिसतो, कुणाच्या तरी नजरेत भरतो. उलटा प्रकार जास्त घातक आहे. वाचन अर्धवट झालेले असताना वीज दबकली आणि मायक्रोकंट्रोलर पुन्हा सुरू झाला, तर समोरची चिप आपला ‘शून्य’ बिट देत, माहितीची तार खाली धरून तशीच बसू शकते. दोन तारांचा हा सामाईक मार्ग, म्हणजे बस, अडकतो. निष्काळजी ड्रायव्हरला आता प्रत्येक बिट शून्य दिसतो. आणि पर्जन्यमापनात शून्य हा अगदी सभ्य, पटण्याजोगा आकडा आहे. त्याचा अर्थ ‘पाऊस नाही’.

माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. पाऊस नाही आणि उत्तर नाही, या दोन वेगळ्या बातम्या आहेत, आणि त्यांतला फरक फक्त ड्रायव्हरला कळू शकतो. त्याने तिथे तो पुसून टाकला, तर वरचे कोणतेही प्रारूप तो खात्रीने परत आणू शकत नाही.

उपाय अवघड नाहीत. अडकलेल्या बससाठी घड्याळाच्या तारेवर नऊ ठोके द्यायचे, म्हणजे चिप उरलेले बिट संपवून तार सोडते. ही युक्ती आय-टू-सीच्या विनिर्देशातच आहे आणि लिनक्समध्ये त्यासाठी तयार सोय आहे. लिनक्सच्या या भागाचा पाया सायमन फोग्ल यांनी १९९० च्या दशकात घातला. तिथे चिपने उत्तर दिले नाही, वेळ संपली, बसवर दुसऱ्याने ताबा घेतला, अशा प्रत्येक प्रसंगाला वेगळा ऋण त्रुटी-क्रमांक परत येतो. आकडा आणि त्रुटी एकमेकांत मिसळू नयेत, यासाठी केलेली ही शिस्त आहे. तो क्रमांक न पाहता पुढे जाणारा प्रोग्रॅम ती शिस्त मोडतो.

काही चिप तर चुकीचा आकडा फार शहाण्या चेहऱ्याने देतात. डीएस१८बी२० या तापमानमापकाला वीज मिळाल्यावर मोजणी होण्याआधीच वाचले, तर तो ८५ अंश सांगतो. डीएस३२३१ या घड्याळ-चिपची गोष्ट आणखी महत्त्वाची. तिच्यात सेकंद, मिनिटे, तारीख दशमान अंक वेगवेगळे ठेवून साठवतात. ते तसेच द्विमान समजून वाचले तर १० तारखेची १६ होते. शिवाय तिच्या एका नोंदघरात एक बिट असा असतो, जो सांगतो की मध्यंतरी घड्याळाचे ठोके देणारा आंदोलक थांबला होता, आता माझ्या वेळेवर विसंबू नका. तो बिट वाचणे म्हणजे ड्रायव्हरमध्ये एक-दोन ओळींचे काम. त्या ओळी नसतील तर मुसळधार पावसाची खरी नोंद चुकीच्या तासावर जाऊन बसते. पूर-अंदाजात चुकीच्या तासाचा बरोबर पाऊस फसवाच ठरतो.

आय-टू-सीच्या तारा पेटीबाहेर फार लांब नेता येत नाहीत; बसची एकूण धारिता ४०० पिकोफॅरडच्या आत राहावी लागते. खांबावरच्या मापकापासून पेटीपर्यंत म्हणून दुसऱ्या पद्धती येतात. जलमापनासाठी मुद्दाम घडवलेली एसडीआय-१२ त्यांतली एक: वेग सेकंदाला अवघे १,२०० बिट, पण साठ मीटरपर्यंत तार. इथे मापकाला ‘मोज’ म्हटले की तो आधी किती सेकंद लागतील आणि किती आकडे मिळतील ते सांगतो, आकडे नंतर मागायचे. पुढच्या आवृत्तीत आकड्याबरोबर पडताळणी-बेरीजही मागता येते, म्हणजे वाटेत विजेच्या कडकडाटाने बिट उलटला तर कळते. सोय आहे, पण ती मागावी लागते. न मागता मापक ती देत नाही.

ड्रायव्हरचीही मर्यादा आहे. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकून झुलते भांडे हललेच नाही, तर मोजणाऱ्या चिपकडे खरोखरच शून्य असते आणि ती ते प्रामाणिकपणे सांगते. ते ओळखायला शेजारच्या केंद्राचा आकडा पाहावा लागतो आणि नरसाळे साफ करणारा माणूस लागतो. म्हणूनच जे ड्रायव्हरला कळू शकते, ते त्याने गमावता कामा नये.

पावसाळ्याआधी दरवाजे, कळ आणि साखळ्या तपासतात, तशी या थराचीही तपासणी व्हावी. पेटी उघडून माहितीची तार काढायची, मग ती जमिनीला टेकवायची, मग वाचन चालू असताना वीज तोडायची. आणि प्रत्येक वेळी नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर काय उमटते ते पाहायचे. तिथे ‘०.० मिमी’ दिसले तर ते केंद्र नापास. खरेदीच्या अटींत मापक किती मिलिमीटरपर्यंत अचूक हवा हे लिहिताना, तो गप्प झाला तर केंद्राने काय कळवावे, हेही तेवढ्याच नेमकेपणाने लिहावे. आणि ड्रायव्हरचा स्रोत-मजकूर विभागाच्या ताब्यात असावा, म्हणजे पुरवठादार बदलला तरी त्या तपासणीत काय चुकले ते विभागाच्या अभियंत्याला ओळीवर बोट ठेवून दाखवता येईल.