म्युनिकचा कॅमेरामन, मालाडचा स्टुडिओ

'महल' हा आमच्या घरात आईचा सिनेमा. दर दोन-तीन वर्षांनी ती तो लावते आणि घड्याळात दोनचे ठोके पडायला लागले की सगळ्यांना गप्प बसवते. डिसेंबर २०१७मध्ये पणजीच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात बॉम्बे टॉकीजच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन होतं, म्हणून तिला घेऊन गेलो. देविका राणी, अशोक कुमार, मालाडच्या स्टुडिओतली माणसं, दिवे, कॅमेरे. एका फोटोपाशी आई थबकली.

"हा गोरा कोण रे?"

"जोसेफ विर्शिंग. तुझा महल यांनीच शूट केलाय."

तिचा विश्वास बसेना. खरं तर मलाही हे तिथल्या पाटीवर वाचूनच कळलं होतं.

विर्शिंग म्युनिकचे, जन्म १९०३चा. तिथल्या एमेल्का स्टुडिओत ते कामाला होते. १९२५मध्ये हिमांशू राय आणि दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्यासोबत 'प्रेम संन्यास' हा बुद्धाच्या आयुष्यावरचा मूकपट करायला भारतात आले. वय बावीस. (त्या वयात मी शेवटच्या सेमिस्टरची केटी सोडवत होतो.) या सिनेमात स्टुडिओतला सेट नाही, कृत्रिम दिवे नाहीत, मेकअप नाही, असं सुरुवातीच्या पाटीवरच अभिमानाने लिहिलेलं आहे. म्हणजे पुढे दिव्यांसाठीच नावाजलेल्या या माणसाने भारतात पहिलं काम केलं ते नुसत्या उन्हात.

१९३४मध्ये राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली, तेव्हा ऑस्टेन आणि विर्शिंग पुन्हा आले. 'अछूत कन्या' (१९३६) याच जोडीचा. गोष्ट रेल्वे फाटकावरच्या राखणदाराच्या मुलीची, चेहरा देविका राणीचा आणि त्यावरचा उजेड म्युनिकहून शिकून आलेला.

मग १९३९. युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सरकारने इथल्या जर्मनांना शत्रूदेशाचे नागरिक म्हणून पकडलं. ऑस्टेन पुढे जर्मनीला परतले. विर्शिंग मात्र युद्ध संपेपर्यंत छावणीत, तारांच्या कुंपणाआड. काल ज्यांच्या नट्या सुंदर दिसाव्यात म्हणून दिवे लावले, त्यांच्याच देशात आज कैदी. मालाडला काम थांबलं नाही, कारण विर्शिंगनी माणसं तयार केली होती. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आर. डी. परीन्जा यांनी १९४३चा 'किस्मत' शूट केला आणि तो कलकत्त्यात तीन वर्षांहून जास्त चालला.

सुटका झाल्यावर निघून जायला कारण होतंच. विर्शिंग राहिले. आणि १९४९मध्ये कमाल अमरोहींचा पहिला सिनेमा 'महल' आला.

तो आता नीट बघा. झुंबर हलतं, झोपाळ्यावरची मधुबाला दिसते न दिसते, अशोक कुमार आवाजामागे जातो आणि त्याच्यापुढे नुसत्या सावल्या. आमच्या क्षेत्रात फोनचा नाइट मोड कौतुकाचा: अंधारातलं सगळं उजळून दाखवायचं. विर्शिंग उलटं करतात. अर्धी चौकट काळी ठेवतात, आणि आपण त्या काळ्या भागाकडेच बघत राहतो. ही शैली जर्मन, पण ती हवेली, ती पुनर्जन्माची गोष्ट आणि लताबाईंचा आवाज यांच्यात ती अशी मुरली की आईला त्यात कधी काही परकं वाटलंच नाही.

त्यानंतर 'दिल अपना और प्रीत पराई' (१९६०), आणि अमरोहींचाच 'पाकीज़ा'. तो कृष्णधवलमध्ये सुरू झाला, मग रंगीत झाला, सिनेमास्कोप झाला, वर्षानुवर्षं रखडला. १९६७मध्ये विर्शिंग मुंबईतच वारले. उरलेलं काम इतर कॅमेरामननी पूर्ण केलं. १९७२मध्ये सिनेमा लागला, तो त्यांनी पाहिलाच नाही.

हे सगळं मी आईला परतीच्या बसमध्ये, मोबाइलवर वाचत सांगत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती.

"म्हणजे हा परत गेलाच नाही?"

"नाही."

मग ती बराच वेळ काही बोलली नाही. तेव्हा माझ्या मेलबॉक्समध्ये म्युनिकच्याच एका कंपनीचं ऑफर लेटर येऊन आठवडा झाला होता आणि ते तिला माहीत होतं.

रात्री जेवणं झाल्यावर तिने 'महल' लावला. एरवी श्रेयनामावली चालू असताना ती स्वयंपाकघर आवरत असते. त्या दिवशी चष्मा लावून समोर बसली, आणि नाव आलं तेव्हा मला म्हणाली, "थांबव जरा."