ए समोर टी, जी समोर सी

एक पिकलेली स्ट्रॉबेरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून चांगली कुस्करा. त्यात थोडं पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि चिमूटभर मीठ घाला. मिश्रण काचेच्या ग्लासात गाळून घ्या आणि फ्रीजरमध्ये गार केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल कडेकडेनं हळूच सोडा. लाल रस खाली, अल्कोहोल वर. आणि दोघांच्या मधून वर येणारे ते पांढुरके, चिकट तंतू? काडीवर गुंडाळून उचला. तो डीएनए आहे!

साबणानं पेशींची स्निग्ध आवरणं फोडली, मिठानं डीएनएचे रेणू एकत्र यायला मदत केली आणि अल्कोहोलमध्ये विरघळत नसल्यानं ते दिसू लागले. पण स्ट्रॉबेरीच का? तिच्या पेशीत गुणसूत्रांचे, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्यांचे, आठ संच असतात. आपल्या पेशीत दोनच.

तरी आपला पसाराही काही लहान नाही. तुमच्या एका पेशीतला डीएनए सलग उलगडला तर भरेल सुमारे २ मीटर! आणि तो राहतो मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात.

डीएनएची ठेवण कशी, याचा मोठा पुरावा १९५२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात मिळाला. रोझालिंड फ्रँकलिन आणि त्यांचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांच्या क्ष-किरण छायाचित्रात ठळक फुली उमटली होती. अशी फुली पिळदार रेणूचीच खूण. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांनी रचना मांडली: एकमेकांभोवती पिळलेले दोन धागे आणि मध्ये ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांच्या जोड्या. ए समोर टी, जी समोर सी. बस्स!

या एवढ्याशा नियमात केवढी करामत आहे पाहा. पेशी दुभंगण्याआधी दोन्ही धागे दप्तराच्या चेनसारखे सुटतात. एका धाग्यावर टी-ए-सी-जी आहे. समोर काय येईल? ए-टी-जी-सी! तुम्ही आत्ता जे केलंत, तेच पेशी करते. प्रत्येक अर्ध्याला आपला हरवलेला जोडीदार ठाऊक असतो, म्हणून एकाचे हुबेहूब दोन होतात. दुरुस्त्या होऊन शेवटी उरणारी चूक अब्जावधी अक्षरांमागे एखादीच.

मग एका अक्षरानं असा काय फरक पडतो? हिमोग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाच्या जनुकात एका ठरावीक जागी ए ऐवजी टी आला की प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलतं. हा बदल आई आणि वडील दोघांकडून आला, तर गोल तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. हाच सिकलसेल आजार, गडचिरोली-नंदुरबारच्या कितीतरी घरांना तो चांगलाच ठाऊक आहे.

आणि २०२३ मध्ये, ही रचना उलगडल्यावर सत्तर वर्षांनी, ब्रिटन आणि अमेरिकेनं याच आजारावर डीएनए संपादित करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. ज्या लिपीची ठेवणही कालपर्यंत माहीत नव्हती, तिच्यात माणूस आज फेरफार करू लागला आहे!