बुधगावचं कॉलेज, विश्रामबागचं कॉलेज

सांगलीहून तासगावकडे निघालं की माधवनगर लागतं, आणि माधवनगरची पेठ मागे पडते न पडते तोच बुधगाव. एकेकाळी हे मिरज धाकटी पाती संस्थानाच्या राजधानीचं गाव. आज बाहेरगावच्या पोरांना ते माहीत असतं इंजिनिअरिंगमुळे. पद्मभूषण वसंतरावदादा पाटील इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे लांबलचक नाव कागदावर. तोंडात ‘बुधगावचं कॉलेज’. शेतकरी शिक्षण मंडळाचं हे कॉलेज १९८३ साली सुरू झालं. महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित व्यावसायिक शिक्षणाची सुरुवात नेमकी त्याच सालातली, आणि ती करणारा माणूस याच पंचक्रोशीतला, पद्माळ्याचा.

वसंतदादा पाटलांनी कॉलेजची पायरी चढली नव्हती. ऐन तरुणपणात ते इंग्रजांविरुद्ध भूमिगत होते. जुलै १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून पळताना त्यांना गोळी लागली. फेब्रुवारी १९८३ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा राज्यात इंजिनिअरिंगची कॉलेजं मोजकी होती. या भागात नाव घ्यावं अशी दोन: कराडचं सरकारी, १९६० सालचं, आणि सांगलीच्या विश्रामबागचं वालचंद. तिथं जागा हुकली की ऐपतदार घरातली मुलं देणगी भरून कर्नाटकात जायची, बाकीची बीएस्सीला बसायची. सरकारच्या तिजोरीत नवी कॉलेजं काढण्याइतका पैसा नव्हता. दादांनी संस्थांना परवानगी दिली: अनुदान मागू नका, फीवर चालवा. बुधगाव त्याच वर्षीचं, इस्लामपूरजवळचं राजारामबापू इन्स्टिट्यूटही त्याच वर्षीचं.

हा निर्णय बरोबर होता असं मी मानतो. तासगाव-कवठेमहांकाळच्या कोरडवाहू घरातून पहिला इंजिनिअर निघाला तो याच दारातून. पण दार उघडताना जागेची किंमत कोण ठरवणार, हे मात्र ठरलं नाही. देणगीबंदीचा कायदा १९८७ मध्ये आला, चार वर्षांनी. फी आणि प्रवेश कुणी ठरवायचे, यावरचं पुढचं सगळं सर्वोच्च न्यायालयात घडलं: १९९३ चा उन्नीकृष्णन निकाल, २००२ चा टी. एम. ए. पै, २००५ चा इनामदार. आज फी ठरवणारं प्राधिकरण आणि प्रवेशपरीक्षा घेणारा सीईटी सेल ज्या कायद्यावर उभे आहेत तो २०१५ चा. म्हणजे बत्तीस वर्षं गेली. त्या बत्तीस वर्षांत ज्यांनी जमीन गहाण टाकून मुलाला बसवलं, त्यांच्या मदतीला यातलं पुष्कळसं उशिराच आलं.

खासगी म्हणजे महाग, असं आपण धरून चालतो. विश्रामबागचं वालचंद बघितलं की तो समज टिकत नाही. तेही खासगी संस्थेचंच कॉलेज. धोंडूमामा साठ्यांनी १९४७ साली न्यू इंजिनिअरिंग कॉलेज या नावानं ते काढलं, १९५५ मध्ये शेठ वालचंद हिराचंदांचं नाव लागलं. सोलापुरात जन्मलेल्या ज्या माणसानं जहाजं, विमानं आणि मोटारी या देशात बनाव्यात म्हणून आयुष्य घातलं, त्याचं नाव इंजिनिअरिंगच्या कॉलेजाला शोभतंच. पण वालचंदला सरकारी अनुदान आहे, शिक्षकांच्या पगाराचा मोठा भार सरकार उचलतं, म्हणून अनुदानित जागेची फी कमी. म्हणूनच तिथं चुरस. कॉम्प्युटरला खुल्या प्रवर्गातून ९९ पर्सेंटाइलच्या आसपास असल्याशिवाय कुणी आशा धरत नाही. माधवनगर स्टेशनावर गाडीत बसलं तर मध्ये एक सांगली, की आलं विश्रामबाग. या दोन स्टेशनांमधलं अंतर मुलाच्या आयुष्यात मात्र सीईटीच्या दीडशे प्रश्नांवर ठरतं. गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रश्नाला एक.

मार्कांनंतर येतो ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखांचा पसंतीक्रम, आणि घराचं खरं नुकसान होतं ते तिथं. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. पहिल्या फेरीत पहिल्याच पर्यायाची जागा लागली तर ती घ्यावीच लागते. म्हणून पहिला पर्याय मनापासून हवा तोच असावा. गावातली बरीच पालकमंडळी हा फॉर्म नेट कॅफेवाल्याच्या हाती सोपवतात. मुलगी शेजारी उभी असते, विचारतो कॅफेवाला, उत्तर देतात वडील. त्या अर्ध्या तासात चार वर्षं आणि काही लाख रुपये ठरून जातात.

कारण एकाच मुलीला एकाच शाखेची जागा किती भावानं पडेल, हे ती कुठल्या दारानं आत येते यावर आहे. विनाअनुदानित कॉलेजची वार्षिक फी साधारण लाखाच्या अलीकडे-पलीकडे. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांतून, प्रवेश असेल, तर खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी शिकवणी फी परत मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं याच उत्पन्नमर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पण हीच मुलगी त्याच कॉलेजात संस्थास्तरावरच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत मॅनेजमेंटच्या जागेवर बसली, तर माफी नाही. खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात गेली तरी नाही. ही विद्यापीठं आता सांगली-कोल्हापूरच्या आसपासही आहेत. अतिग्र्याचं संजय घोडावत विद्यापीठ २०१७ चं. त्यांच्या जाहिराती मोठ्या असतात, वसतिगृहं देखणी असतात, आणि माफीबद्दलचा हा फरक पालकांना कळतो तो बहुधा प्रवेशाची पावती फाडल्यावर.

शिवाय पैसा लागतो कधी आणि येतो कधी, हेही बघा. तासगावच्या द्राक्षबागायतदाराच्या हातात पैसा पडतो फेब्रुवारी ते एप्रिल. बेदाण्याचा त्याहून उशिरा. फी भरायची ऑगस्ट-सप्टेंबरात, जेव्हा घरातली शिल्लक संपत आलेली असते आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीची औषधं, मजुरी समोर उभी असते. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून फीची प्रतिपूर्ती सावकाश येते. दरम्यान सोसायटी, पतसंस्था, मामा, मेव्हणा, नाहीतर दुकानदाराची उधारी. त्या उधारीचं व्याज कुठल्याच माहितीपुस्तिकेत छापलेलं नसतं, पण शिक्षणाच्या खर्चात ते धरायलाच हवं. खोली, मेस आणि लॅपटॉप तर वेगळेच.

आणि एवढं करून हाती काय येतं? जूनमध्ये सांगलीच्या चौकाचौकांत फलक लागतात, त्यावर एका मुलाचा फोटो आणि ‘सर्वोच्च पॅकेज’. त्या मुलाचं कौतुक मलाही आहे. पण आपला मुलगा त्या एकासारखा निघेल की बाकीच्या शेकड्यांसारखा, हा हिशेब पालकानं मांडावा. त्यासाठी साधन आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ मानांकनात जी कॉलेजं भाग घेतात त्यांना दरवर्षी माहिती भरून द्यावी लागते आणि ती जाहीर असते. त्यात पहिल्या वर्षाला किती आले, ठरल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाले, नोकरी किती जणांना लागली, पुढे शिकायला किती गेले, आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यम पगार किती, म्हणजे रांगेत उभे केले तर मधल्या मुलाला काय मिळतं, हे सगळं आकड्यांत आणि पगार तर अक्षरांतही असतो. मुदतीत उत्तीर्ण झालेल्यांना आलेल्यांनी भागा. मधला पगार चार वर्षांच्या एकूण खर्चाशेजारी ठेवा. दहावीच्या गणितात बसणारं काम आहे, आणि घरात दहावी झालेलं कुणीतरी असतंच.

निकालाचा आणखी एक भाग कुठल्याच तक्त्यात येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ती माधवनगर-विश्रामबागच्या याच रेल्वेमार्गावर. यंत्र बनवणारा माणूस या जिल्ह्याला नवा नाही. कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत आजही कारखाने चालतात. तरी बुधगाव आणि विश्रामबाग दोन्हीकडची बहुतेक मुलं पुण्याची वाट धरतात, चाकण किंवा हिंजवडी. पगार तिथं आहे, त्यांना दोष कसा द्यायचा? पण ज्या जिल्ह्यात २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, त्या जिल्ह्यात सिव्हिलच्या जागांसाठी मात्र पूर्वीची ओढ राहिलेली नाही आणि रांग लागते ती कॉम्प्युटरसमोर. पूररेषा, नाले, पूल यांचं काम इथं पिढीभर पुरेल एवढं आहे. ते करणाऱ्याला पुण्याच्या तोडीचा पगार देण्याची तजवीज जिल्ह्यानं केलेली नाही.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक कॉलेजनं तो एनआयआरएफचा तक्ता शाखानिहाय फोडून, मराठीत, प्रवेशाच्या खिडकीशेजारी लावावा. फलकावरच्या फोटोइतक्याच मोठ्या अक्षरांत. शेजारी कॅपची जागा आणि संस्थास्तराची जागा, दोन्हींचा माफीनंतरचा चार वर्षांचा खर्च. शेतकरी हे नाव मिरवणाऱ्या संस्थेनं, बुधगावनं, याची सुरुवात केली तर वालचंदलाही मागे राहता येणार नाही.