डोंगरांतील तळें व कयाक नौका

आमच्या बीड जिल्ह्यांतील मुलांस नाव फारशी परिचयाची नाहीं. परंतु विहिरींत पोहावयास शिकतांना पाठीस बांधावयाची भोपळ्यांची सांगड त्यांच्या वडिलांस खचित आठवत असेल. वाळलेला भोपळा पाण्याखालीं न्यावयाचा तर त्याच्या आकाराएवढें पाणी बाजूस सारावें लागतें, व त्या पाण्याचें वजन भोपळ्याहून पुष्कळच अधिक भरतें. म्हणून तो स्वतः तरंगून आपणांसही वर धरतो. कयाक नौकेचें तत्त्व हेंच होय.

ही नौका मूळची उत्तर ध्रुवानजीकच्या इन्युइट लोकांची. तिकडे झाडें नाहींत. तेव्हां समुद्रानें वाहून आणलेल्या लाकडांचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर ते सीलचें कातडें ताणून शिवीत, व एका शिकाऱ्यास कमरेपर्यंत आंत बसतां येईल एवढेंच भोंक वर ठेवीत. वल्हें एकच, पण दोन्ही टोकांस पातें असलेलें. हल्लीं ही नौका बहुधा प्लॅस्टिकची असते.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही चौघे मित्र अशा दोन जोडनौका भाड्यानें घेऊन भंडारदऱ्याच्या तळ्यावर दोन दिवस राहिलों. अकोले तालुक्यांत प्रवरा नदीवर १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाचें हें पाणी. एका अंगास रतनगड, दुसऱ्या अंगास १६४६ मीटर उंचीचें कळसूबाई शिखर. हेंच पाणी पुढें प्रवरासंगमीं गोदावरीस मिळतें, पैठणच्या नाथसागरांत येतें आणि तेथून उजव्या कालव्यानें आमच्या माजलगांवास पोंचतें. अर्थात् वाटेंत कोणीं अडविलें नाहीं तर!

सामान भरतांना जड वस्तु तळाशीं व मध्याजवळ ठेवाव्या, नाहीं तर नौका डोलते. सकाळीं पाणी आरशासारखें होतें. पण दुपारीं डोंगरउतार तापले म्हणजे वारा दरींतून वर चढूं लागतो, आणि लांबच लांब मोकळ्या पाण्यावर पाहतां पाहतां लाटा उठतात. लाट नौकेच्या टोंकावर घ्यावी, कुशीवर घेऊं नये. आमच्या एका मित्रानें नेमकी ती कुशीवर घेतली, व नौका उलटली.

त्याचा जोडीदार जाकिटाच्या योगानें तरंगत नौकेस धरून राहिला. आमचा हा मित्र मात्र विहिरींत पोहण्यांत पटाईत. म्हणून त्यानें जाकीट अंगांत न घालतां बसावयास घेतलें होतें! तो नौका सोडून कांठाकडे निघाला. थंड पाण्यानें श्वास तुटतो, भिजलेले कपडे हातपाय जखडतात आणि कांठ दिसतो त्याहून दूर असतो. वीस-पंचवीस हात जातांच त्याचे हात मंदावले. आम्हीं ओरडून त्यास थांबविलें व जवळ जाऊन आमच्या नौकेचें मागील टोंक त्याच्या हातीं दिलें. उलटलेली नौकाही तरंगतेच. ती सोडूं नये, ही गोष्ट त्यास ठाऊक नव्हती. खरें सांगावयाचें तर ती आम्हांसही आदल्या दिवशींच कळली होती.

भोंवतालचा पुष्कळ भाग अभयारण्यांत मोडतो, म्हणून वाटेल तेथें मुक्काम करतां येत नाहीं. एका शेतकऱ्याच्या परवानगीनें त्याच्या बांधावर आम्हीं तंबू ठोकला. त्यानें शेकोटीस लांकडें दिलीं, आणि रात्रभर ओले कपडे वाळत राहिले. दुसऱ्या दिवशीं आमच्या मित्रानें चहा घेण्यापूर्वींच जाकीट अंगांत चढविलें होतें.