सीटखालचं इंजिन (लेखांक ६) : रेस उतरत नाही तेव्हा

मागच्या आठवड्यात सकाळी गाडी चटकन सुरू का होत नाही ते पाहिलं. आजची तक्रार उलटी आहे. गाडी सुरू होते, तापते, पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी रेस खाली येत नाही. सिग्नलला न्यूट्रलमध्येही इंजिन घोंघावत राहतं.

उदाहरण ओम्नीचंच घेऊ. १९८४ साली आलेली ही व्हॅन २०१९ मध्ये बनायची थांबली, पण तिच्या इंजेक्शनवाल्या गाड्या आजही शाळेची मुलं आणि केटरिंगची पातेली वाहतायत. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे सीट उचलली की सगळं समोर. हँडब्रेक ओढा, न्यूट्रलला ठेवा, ओढणी-बाही पट्ट्यापासून लांब ठेवा. आणि आधी गाडी पूर्ण तापवा, कारण थंड इंजिनाची रेस गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम वाढवून ठेवतो. एसीही बंद हवा.

इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल हवेच्या मागून येतं. मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, दाब मोजून कॉम्प्युटर आत किती हवा गेली याचा अंदाज बांधतो आणि तेवढं पेट्रोल सोडतो. म्हणजे रेस वाढली याचा अर्थ कुठून तरी जास्तीची हवा आत शिरते आहे. शोधायचं ते एवढंच.

पहिली जागा ॲक्सिलरेटर केबल. ती किंचित सैल हवी. ताठ असेल तर थ्रॉटलची, म्हणजे हवेची, झडप पूर्ण मिटतच नाही. मग मॅनिफोल्डला जोडलेले रबरी पाईप. ओम्नीत ते इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षं भाजून कडक होतात आणि नेमके टोकाला, क्लिपच्या खाली तडकतात, त्यामुळे वरून धडधाकट दिसतात. हातभर लांबीचा रबरी पाईप घ्या, एक टोक कानाला, दुसरं जोडांवरून फिरवा. गळती असेल तिथे बारीक 'स्स्स' ऐकू येतं. खात्री करायची तर कॉइल, वायरिंग आणि तापलेला एक्झॉस्ट टाळून जोडावर साध्या पाण्याचा फवारा मारा. फट क्षणभर बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. हीच तपासणी काही जण क्लीनर स्प्रेने करतात. तो पेटतो, आणि इथे इंजिन गाडीच्या आतच आहे. कृपया करू नका.

पाईप ठीक निघाले तर आयडलिंगची हवा सोडणारा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह. काजळी साचून तो उघडा अडकतो. थंड इंजिनावर काढून साफ केला की बहुतेकदा काम होतं. शेवटी पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर. तो बिघडला तर कॉम्प्युटरला इंजिन कायम थंडच वाटू शकतं. असे सेन्सर साधारणपणे २० अंशांना दोन-अडीच हजार ओम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास दाखवतात; मल्टीमीटरवर लगेच कळतं.

थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूला मात्र हात लावू देऊ नका. कार्बोरेटरच्या सवयीने बरेच मेकॅनिक आधी तोच फिरवतात. झडपेची बसण्याची जागा बदलली की पाय काढलाय हेच कॉम्प्युटरला समजेनासं होऊ शकतं, मग आयडलिंग सांभाळायचं कामच तो सोडतो. गळती तशीच राहते आणि वर एक नवा बिघाड येतो.

पुढच्या आठवड्यात : रेस एकसारखी वर-खाली का होते.