हाली, कलदार आणि युरो

पैसा आणि माणसे : लेखांक 7

मागच्या लेखांकात युरोचा जन्म पाहिला. 1992 चा मास्ट्रिख्ट करार झाला, 1999 मध्ये युरो हिशेबाच्या वह्यांत आला आणि 1 जानेवारी 2002 रोजी नोटा-नाण्यांच्या रूपाने लोकांच्या खिशात पोहोचला. सरकारांनी काय ठरवले, हे त्यातून कळले. लोकांना काय वाटत होते, हा आजचा विषय. तो समजून घ्यायला थेट युरोपात जायची गरज नाही. देऊळगाव राजा ते जालना एवढा रस्ता पुरे.

आज हा रस्ता तासाभराचा आहे. 1950 पर्यंत तो दोन चलनांना जोडत होता. देऊळगाव राजाचा बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात, म्हणून इथे कलदार रुपया चाले, इंग्रज सरकारचा. पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचे राज्य. तेव्हाच्या औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांत हाली सिक्का चाले. सातवा निजाम मीर उस्मान अली खान 1911 मध्ये गादीवर आल्यावर त्याला उस्मानिया सिक्काही म्हणू लागले. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या सगळ्या घाटावरच्या मुलखाचे सोयरेधायरे मोगलाईत आणि बाजारहाटही बराचसा तिकडेच. 1900 च्या सुमारास जालन्याला रेल्वे आली, मग तर जालन्याची ओढ आणखी वाढली.

दोन रुपयांचा सरकारी भाव ठरलेला होता : 7 हाली बरोबर 6 कलदार. म्हणजे 100 कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. हा भाव हवेतून आलेला नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या आधीचा हाली रुपया हातात घेतला, तर त्याचे वजन सुमारे 11.18 ग्रॅम आणि त्यात चांदी 81.8 टक्के. कलदार 11.66 ग्रॅमचा, चांदी जवळपास 91.7 टक्के. गुणाकार करून पाहा. एकात नऊ ग्रॅमहून थोडी जास्त शुद्ध चांदी, दुसऱ्यात पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास. प्रमाण जवळजवळ सहास सात. चांदीच्या व्यापारासाठी नाव कमावलेल्या खामगावात हे कुणाला समजावून सांगायची गरज पडली नसती.

आता व्यवहार पाहू. समजा, सिंदखेडच्या शेतकऱ्याने पलीकडच्या बाजारात बैलजोडी विकली आणि 140 रुपये हाली मिळाले. सरकारी भावाने त्याचे 120 कलदार होतात. शेतसारा मात्र कलदारात भरायचा. म्हणून हे पैसे सराफाकडे न्यायचे, तो सांगेल तो बट्टा द्यायचा, आणि उरेल ते घेऊन तहसील कचेरी गाठायची. शिवाय निजामाच्या हद्दीत माल न्यायचा-आणायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात. सीमेवरच्या गरीब माणसाला दोन चलनांचा अर्थ हा होता : प्रत्येक व्यवहारात मधल्या कुणाला तरी काहीतरी द्यावे लागे. युरोचे समर्थक पुढे जे सांगत, की चलन एक झाले की बदलाबदलीचा खर्च वाचेल, ते आपल्या आजोबा-पणजोबांना अनुभवाने ठाऊक होते.

मग विरोध कुणाचा असतो, आणि कशासाठी?

हाली रुपयावर चारमिनार होता आणि त्याच्या कमानीत निजामाच्या नावाचे पहिले अक्षर, अरबी ‘ऐन’. आपल्या नावाचे नाणे पाडणारे संस्थान ही हैदराबादची शान होती. हिंदुस्थानातल्या संस्थानांत स्वतःच्या कागदी नोटा नियमित काढणारे तेच मोठे संस्थान. त्यासाठी 1918 मध्ये कायदा झाला. 1941 च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली, तिच्याकडे चलनाचा कारभार गेला. ‘नाणे गेले म्हणजे राज्य गेले’ ही भावना युरोपातही तितकीच खरी होती. जर्मनांना मार्क सोडवेना, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर उभ्या राहिलेल्या देशाची ती खूण होती. तिथे सार्वमत घेतलेच गेले नाही. डेन्मार्कने 28 सप्टेंबर 2000 रोजी लोकांना विचारले, 53.2 टक्के लोकांनी नकार दिला. स्वीडनने 14 सप्टेंबर 2003 रोजी विचारले, 55.9 टक्के नकार. दोन्ही देशांत बहुतेक मोठे पक्ष, उद्योगपती आणि प्रमुख वृत्तपत्रे होकाराच्या बाजूने होती, तरीही. दोन्ही देश आजही क्रोन-क्रोनावरच आहेत आणि त्यांचे काही बिघडलेले नाही.

आपल्या वऱ्हाडाची गोष्ट मात्र नाणे आणि राज्य एकच या समजुतीला धक्का देते. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. कायद्याने मात्र मुलूख निजामाचाच. 1936 नंतर तर त्याच्या किताबात ‘हैदराबाद आणि बेरार’ असे दोन्ही आले आणि युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाले. म्हणजे बुलढाण्याच्या जमिनीवर सार्वभौमत्व निजामाचे आणि बाजारात रुपया इंग्रजांचा. सार्वभौमत्व आणि नाणे एकत्रच राहतात, असे काही नाही. किताब एकाचा असताना पैसा दुसऱ्याचा चालू शकतो, आणि रोजच्या जगण्यावर राज्य पैसेवाल्याचे असते. 1923 मध्ये निजामाने वऱ्हाड परत मागितला, 1926 मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने तो द्यायला नकार दिला. वऱ्हाडी लोकमतही परत जाण्याच्या विरोधात होते, पण त्या निर्णयात त्याला कुणी मोजले नाही.

चलन हे हत्यारही होते, हे 1947 च्या अखेरीस दिसले. भारत आणि हैदराबाद यांच्यातला जैसे थे करार 29 नोव्हेंबरला झाला आणि त्यानंतर लवकरच हैदराबाद सरकारने वटहुकूम काढून आपल्या हद्दीत भारतीय चलनावर बंदी घातली. भारत सरकारने त्याला करारभंग म्हटले. सप्टेंबर 1948 मध्ये भारताने हैदराबादवर केलेल्या पोलीस कारवाईनंतर तो वाद संपला.

पुढे जे झाले ते युरोपच्या अभ्यासकांनीही पाहण्यासारखे आहे. 1950 पासून भारतीय रुपया हालीच्या जोडीने मराठवाड्यात चालू लागला, जुन्याच 7 ला 6 या भावाने. 1951 मध्ये हालीच्या नव्या नोटा-नाणी काढणे थांबले. पण हाली रुपया कायद्याने रद्द झाला तो 1959 मध्ये. दोन्ही चलने इतकी वर्षे चालू राहिली. युरोपात जुन्या आणि नव्या चलनाने एकत्र काढलेला काळ जास्तीत जास्त दोन महिने होता. जर्मनीने मात्र एक चांगली सोय ठेवली : मार्क आजही तिथल्या मध्यवर्ती बँकेत बदलून मिळतात.

मला या लांबलेल्या मुदतीत शहाणपण दिसते. मडक्यात पुरलेले नाणे असो की सावकाराकडे गहाण पडलेला हिशेब, गरिबाचा पैसा सावकाशच बाहेर येतो. 1957 च्या 1 एप्रिलला नया पैसा आला आणि सोळा आण्यांच्या जागी शंभर पैसे झाले. मराठवाड्याच्या माणसाला दहा वर्षांच्या आत दोनदा पैसा नव्याने मोजायला शिकावे लागले. त्या काळात घाई झाली असती तर फटका कुणाला बसला असता, हे सांगायला नको.

पण एक गोष्ट खटकते आणि ती सांगितलीच पाहिजे. 1950-51 मध्ये हैदराबाद राज्यात लोकांनी निवडलेले सरकारच नव्हते. मुख्यमंत्री एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी होते. बुर्गुल रामकृष्ण राव यांचे निवडून आलेले मंत्रिमंडळ आले 1952 च्या मार्चमध्ये. चलन एक होणे योग्यच होते, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. संस्थान विलीन झाल्यावर एका देशात दोन रुपये ठेवण्यात सराफाखेरीज कुणाचाच फायदा नव्हता. तरीही आपल्या खिशातला पैसा बदलतो आहे, याबद्दल मराठवाड्याच्या माणसाला बोलायला एकही व्यासपीठ नसावे, ही उणीवच होती. स्वीडनच्या शेतकऱ्याला ते मिळाले आणि त्याने नको म्हटले. मराठवाड्याच्या शेतकऱ्यालाही विचारले असते तर त्याने बहुधा हो म्हटले असते, पण विचारायला हवे होते.

युरोपात आज लोकमत कुठे आहे? युरो वापरणाऱ्या देशांत बहुसंख्य लोक तो टिकावा असेच म्हणतात. 2015 मध्ये ग्रीसच्या लोकांनी कर्जाच्या अटी 61 टक्के मतांनी फेटाळल्या, एटीएममधून दिवसाला 60 युरोच निघत होते, तरी युरो सोडावा असे बहुतेकांना वाटत नव्हते. नव्याने येणाऱ्या देशांत मात्र भीती तीच जुनी : दुकानदार भाव वर ढकलतील. जर्मनीत 2002 मध्ये हीच तक्रार होती. एकूण महागाई आकडेवारीत फारशी वाढलेली दिसेना, पण कॉफी, केस कापणे अशा रोजच्या किरकोळ गोष्टी महागल्याचे लोक सांगत. म्हणून 2023 मध्ये क्रोएशियाने युरो घेताना दुकानात प्रत्येक वस्तूवर दोन्ही चलनांतली किंमत लावणे आधीपासूनच सक्तीचे केले, 1 युरोला 7.5345 कुना या भावाने. बल्गेरियाने 1 जानेवारी 2026 ला युरो घेतला. तिथेही सार्वमताची मागणी झाली आणि ती मान्य झाली नाही.

देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, चिखली या भागांतल्या वाचकांना एक विनंती. घरात आजोबा-पणजोबांचे रोजमेळ, खतावण्या, गहाणखते असतील तर त्यात ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द शोधा. सापडले तर त्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद रद्दीत जाऊ देऊ नका. सरकारी भाव कागदावर 7 ला 6 होता. सराफ खरा भाव काय देत होता, हे त्या वह्यांतूनच कळेल.